सह्याद्रीतल्या वाटांसाठी एमटीबीला रुंद, पकड असलेले टायर : कुठले घ्यावेत?

मुरूमवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २९ इंची हार्डटेल एमटीबी (माउंटन बाईक) आहे. पुढे १०० मिमीचा सस्पेन्शन फोर्क, मागे काही नाही. सायकलसोबत आलेले २.१ इंच रुंदीचे टायर मधोमध गुळगुळीत झालेत, तेव्हा आता बदलायचे ते विचार करून बदलू म्हणतोय.

राहायला कोथरूडला. रविवारी भूगाव-पिरंगुट करत मुळशीकडे, नाहीतर खडकवासल्याच्या पलीकडे पानशेतच्या बाजूला जातो. तिथे पोचलं की डांबर सोडायचं आणि मुरमाच्या, बैलगाडीच्या वाटा धरायच्या. अर्धं अंतर डांबरी, अर्धं दगडमाती असा हिशेब पडतो.

त्रास दोन ठिकाणी होतो. उतारावर वळताना सुट्या खड्यांवरून पुढचं चाक सरकतं, आणि उभ्या चढावर मागचं जागेवर फिरतं. एक मित्र म्हणतो सरळ २.६ टाक. दुकानदार म्हणतो २.४ आरामात बसेल. माझं वजन ७८ किलो, ट्यूबवाले टायर आहेत, दोन्ही मिळून सात-आठ हजारांपर्यंत तयारी आहे. बसतील तेवढे रुंद आणि मिळेल तेवढी पकड असं हवंय. जाणकारांनी सुचवा.

पंपवाला

हवा किती भरता?

मुरूमवाट

५०. पुढे-मागे सारखीच. टायरवर कमाल ६५ लिहिलंय म्हणून त्याच्या बरीच खाली ठेवतो.

पंपवाला

मग टायर नंतर घ्या. येत्या रविवारी पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय ठेवून त्याच वाटेवर जाऊन या. फुकट आहे.

टायरवरचा आकडा फुटण्याच्या भीतीने घातलेली मर्यादा असते, 'एवढी भरा' असा सल्ला नसतो. हिशेब बघा. तुम्ही, सायकल, पाणी, पिशवी धरून ९५ किलो. त्यातले साधारण ६० टक्के मागच्या चाकावर, म्हणजे ५७ किलो. ५० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. म्हणजे टायर जमिनीला जेमतेम सोळा चौरस सेंटिमीटर टेकतो. ३३ वर आणलं की तेच पंचवीसच्या आसपास जातं. टायरच्या कडांचा ताठपणा मी धरला नाही, पण अंदाज यायला पुरे. शिवाय कमी हवेचा टायर खड्यावरून उडत नाही, खडा पोटात घेतो. ५० वर तुमचं चाक अर्धा वेळ हवेतच असणार. मग पकड कुठून येणार?

३० च्या फार खाली मात्र ट्यूब असेपर्यंत जाऊ नका. दगडाची धार आणि रिम यांच्यात ट्यूब चेंगरते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ७८ किलोला आणि आपल्या धारदार दगडांना ती जोखीम नको.

सायकलवेडी

पंपवाल्यांना अनुमोदन. आमच्या ग्रुपमध्ये नवीन येणारे सगळे असेच टणटणीत टायर घेऊन येतात. पंक्चरवाल्याला अंगठ्याने दाबून कडक लागल्याशिवाय समाधानच नसतं. :)

घसारा

हवेचं पंपवाल्यांनी सांगितलंच, आता टायरचं सांगतो. जरा मोठं होईल.

मुरूमवाट, तुमचा प्रश्न 'सगळ्यात रुंद कुठला' असा आहे. त्याचं उत्तर टायरच्या यादीत मिळणार नाही, तुमच्या सायकलीत मिळेल. दोन मापं घ्या.

पहिलं, रिमची आतली रुंदी. रिमवर स्टिकर किंवा कोरलेलं असतं, ६२२ × २१ असं काहीतरी. ६२२ हा टायर बसतो तिथला मिलिमीटरमधला व्यास. २९ इंची आणि रोड बाईकचं ७०० सी, दोन्हींचा तोच. २७.५ ला ५८४ असतो, जुन्या २६ इंची एमटीबीला ५५९. पुढचा २१ हा रिमच्या दोन कडांमधला आतला मोकळा भाग. नुसतं 'रिम रुंद दिसते' याला अर्थ नाही, बाहेरून मोजलं तर पाचेक मिलिमीटर जास्त भरतं.

आतून १९ ते २१ मिमी असलेल्या रिमवर २.२५ छान बसतो, २.३-२.३५ चालून जातो. त्यापुढे टायर रिमच्या मानाने इतका फुगतो की हवा कमी केल्यावर वळणात तो कडेला लोळतो. म्हणजे पकडीसाठी रुंद घ्यायचा, मग लोळू नये म्हणून हवा वाढवायची आणि पकड घालवायची. पैसे गेले ते वेगळेच. मॅक्सिस कंपनीच्या ज्या टायरवर डब्ल्यूटी (वाइड ट्रेल) लिहिलेलं असतं ते तर आतून ३० ते ३५ मिमीच्या रिमसाठीच बनवलेले असतात. तुमच्या मित्राचं २.६ त्या जातीच्या सायकलींना शोभतं.

दुसरं माप मागच्या चिमट्यातलं. पेडलकडून मागच्या चाकाकडे येणाऱ्या दोन नळ्यांमध्ये, टायर जिथे सगळ्यात रुंद असतो नेमक्या तिथे, आतलं अंतर व्हर्निअरने मोजा. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान सहा-सहा मिमी मोकळं हवं. रिम थोडी आऊट झाली, टायरला चिखल लागला, चढावर जोर लावल्यावर चाक जरा वाकलं, या सगळ्याला ती जागा लागते. नळीला घासणारा टायर रंग काढतो आणि पुढे ॲल्युमिनियमही खातो. वरच्या बाजूला, सीटखालून येणाऱ्या नळ्यांच्या जोडापाशीही बघा. पुढे तीन चकत्या असतील तर सगळ्यात लहान चकतीवर चेन टाकून डेरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो त्याचा) पिंजरा टायरपासून किती लांब राहतो तेही बघा, कित्येक सायकलींत पहिला तोच घासतो.

'आरामात बसेल' असं म्हणणाऱ्या दुकानदाराने यातलं काही मोजलं होतं का?

मुरूमवाट

नाही मोजलं. :( रात्री मोजून सांगतो.

काळीमाती

सोलापूरकडून लिहितोय. रुंद-रुंद करणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात आमच्याकडे यावं. काळ्या रानात शंभर फूट गेलं की टायर, चिमटा, ब्रेक सगळं एकजीव होतं आणि चाक फिरायचं थांबतं. मग चिखलासकट सायकल खांद्यावर. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते, तिच्यापुढे कुठल्याही कंपनीची बटणं (टायरवरचे रबरी उंचवटे) चालत नाहीत. एक बटण बाहेर दिसेल तर शपथ.

इथे उलट अरुंद बरा. १.९-२.० चा, बटणं उंच आणि लांब-लांब असलेला, म्हणजे फिरताना माती झटकली जाते आणि चिमट्यात जागाही राहते. खरा उपाय म्हणजे पाऊस झाला की दोन दिवस मुरमाच्याच रस्त्याने फिरायचं.

घसारा

काळीमाती, पूर्ण मान्य. अरुंद टायर चिखलाचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो, रुंद वरच तरंगतो. पण धागाकर्त्यांच्या भागात काळं रान कमी, मुरूम आणि बसाल्टचे सुटे तुकडे जास्त. तिथे रुंदीचा फायदा आहे.

आता बटणांबद्दल. कडक माती आणि कातळावर बुटकी, जवळजवळ बटणं हवीत. उंच बटणं तिथे वाकतात आणि वळताना टायर मऊ लागतो. मऊ मातीत आणि पानगळीत उंच, विरळ बटणं. आपल्याकडची अवघड जात तिसरी : खाली टणक, वर सुटे खडे. ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तोच (नाव उगाच घेतलेलं नाही). मोती सांडलेल्या फरशीवर चालावं तसं होतं. इथे बटणांनी खडे बाजूला सारून खालच्या टणक थरात दात रोवायचे असतात. म्हणून मधली बटणं मध्यम उंचीची आणि कडेची बटणं भक्कम, एका सलग रांगेत असलेला टायर बघा. वळताना सायकल कलली की तुम्ही कडेच्या रांगेवर असता. दुकानात टायर हातात घ्या आणि कडेचं बटण अंगठ्याने बाहेर ढकला. सहज दुमडलं तर वळणातही तेच होणार.

पुढे आणि मागे एकच टायर टाकायचा हट्ट नको. पुढचं चाक सरकलं की माणूस पडतो, मागचं सरकलं की बहुतेक वेळा नुसती मजा येते. त्यामुळे पकडीवरचा पैसा पुढे घाला : रुंद, मऊ रबराचा, भक्कम कडेचा. मागे थोडा अरुंद आणि पळणारा, कारण वजन मागे जास्त आणि डांबरावर तोच तुम्हाला दमवतो, आणि झिजतोही आधी.

नावंच हवीत तर पुढे मॅक्सिस मिनियन डीएचएफचा २.३ (डब्ल्यूटी नसलेला) किंवा श्वाल्बेचा नॉबी निक २.३५. मागे मॅक्सिस आर्डेंट २.२५. त्याहून पळणारा हवा तर आयकॉन २.२, पण उभ्या मुरमाच्या चढावर आयकॉन थोडा फिरेल. डीएचएफमधलं एफ म्हणजे पुढचा, त्याच्या जोडीचा डीएचआर म्हणजे मागचा. आपल्या अर्ध्या डांबरी भटकंतीला मागे डीएचआर म्हणजे शिक्षा.

नॉर्थशोअरकर

व्हँकूवरहून. मूळचा सदाशिव पेठ, त्यामुळे मत द्यायलाच हवं.

आमच्या नॉर्थ शोअरला वर्षातले कितीतरी महिने झाडांची ओली मुळं आणि ओला ग्रॅनाइट. इथे सगळे आधी विचारतात रबर कुठलं. एकाच टायरचं, त्याच बटणांचं, दोन-तीन रबरांत उत्पादन असतं. मॅक्सिसचं ड्युअल सगळ्यात टणक आणि टिकाऊ, मग मॅक्सटेरा, आणि सगळ्यात मऊ मॅक्सग्रिप. श्वाल्बेचे टायर बरीच वर्षं रंगीत पट्टीवरून ओळखले जात : लाल पळणारं, निळं मधलं, नारिंगी मऊ, जांभळं अतिमऊ. मऊ रबर दाबलं की सावकाश परत येतं, उसळत नाही. त्यामुळे ते दगडाच्या खडबडीत बसून राहतं आणि त्याच कारणाने डांबरावर ओढ लागते. दोन्ही गोष्टी एकाच गुणातून येतात, एक घेऊन दुसरी सोडता येत नाही.

तेव्हा पुढे मिनियन घ्या एवढं सांगणं अर्धवट आहे. ड्युअल रबरातला मिनियन ओल्या दगडावर मॅक्सग्रिपवाल्याच्या जवळपासही येत नाही. मी पुढे मॅक्सग्रिपमधला असेगाई वापरतो. डाउनहिल विश्वविजेता ग्रेग मिनार याच्यासोबत तयार केलेला टायर आहे तो. तुम्हीही पुढे मॅक्सग्रिपच घ्या.

घसारा

नॉर्थशोअरकर, रबराचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि माझ्याकडून राहिला होता. पण मॅक्सग्रिप मुळशीला? मुरमावर आणि तापलेल्या डांबरावर कडेची बटणं एका हंगामात खाल्ली जातील. ते रबर गाडीतून सायकल नेऊन फक्त उतरणाऱ्यांसाठी. घरून पेडल मारत जाणाऱ्याने पुढे मॅक्सटेरा, मागे ड्युअल घ्यावं. आपल्याकडे आठ महिने कोरडं असतं आणि कोरड्या मुरमात रबराच्या मऊपणापेक्षा बटणांचा आकार आणि हवा जास्त कामाला येते.

नॉर्थशोअरकर

हं. घरून पेडल मारत जाणं विसरलोच होतो, इथे सगळे पिकअपच्या मागे सायकली टांगून येतात. बरं, मॅक्सटेरा.

कातळसडा

रत्नागिरीतून. जांभ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कोरडा जांभा म्हणजे कानस. पकड कुठल्याही टायरला मिळते, उलट टायरच झिजतो, आणि पडलात तर गुडघाही. त्यामुळे सड्यावर फिरणाऱ्याने मऊ रबराच्या नादी लागू नये, कडेच्या भिंती जाड असलेला टायर बघावा. जांभ्याच्या भोकांच्या कडा धारदार असतात, टायर कडेने फाटतो. कडेने फाटलेला टायर आत भरायच्या चिकट औषधाने (सीलंटने) बुजत नाही.

पावसात त्याच कातळावर शेवाळाचा हिरवा-काळा पातळ थर येतो. तिथे २.१ आणि २.६ सारखेच. उतरायचं आणि चालायचं.

दोनचाकी

फॅट बाईकच का घेत नाही? चार इंची टायर. पकडीचा प्रश्न संपला.

कातळसडा

किनाऱ्यावर कोरड्या भुसभुशीत वाळूत फॅट बाईकला तोड नाही, पाच-सात पीएसआयवर आरामात तरंगते. ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूत मात्र साधी एमटीबीही मस्त चालते. बाजारातल्या स्वस्त लोखंडी फॅट सायकली वीस किलोच्या घरात असतात. ती घेऊन कोथरूड ते मुळशी डांबरावरून जाऊन दाखवा, मग बोलू. हलके घ्या.

अनवट

अवांतर : जाड टायरची ही हौस नवीन नाही. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये २.१२५ इंची फुगीर टायर आणले, ते पेपर टाकणाऱ्या पोरांच्या सायकलींवर गेले. चाळीसेक वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीतली मंडळी त्याच जुन्या सायकली भंगारातून उचलून डोंगरावरून सोडायला लागली. १९७६ मध्ये तिथे 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू झाली. मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही नावं तिथलीच. म्हणजे माउंटन बाईकचा जन्मच मुळी सव्वादोन इंचाच्या जवळपासच्या टायरवर झाला. मग नव्वदीच्या दशकात वजन वाचवायच्या नादात सगळे १.९५ वर उतरले आणि आता पुन्हा २.४ वर चढले.

सायकलवेडी

अनवटकाका, भारी माहिती!

पण धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं राहिलं : काटे. पुण्याच्या आसपास पकड नसल्याने जेवढे थांबतात त्याच्या कितीतरी पट बाभळीच्या काट्याने थांबतात. बाभळीची फांदी तोडून कुंपणाला लावतात, ती वाळली की काटे वाटेवर. आणि दिवाळीनंतर सराटे. टायर जेवढा रुंद तेवढे जास्त काटे गोळा करणार, आणि तुम्ही हवा कमी केलीत म्हणून ते कमी घुसणार नाहीत. त्यामुळे मुरूमवाट, टायर बदलताय तर ट्यूबलेस करूनच टाका.

मुरूमवाट

ताई, माझी रिम ट्यूबलेसला चालेल का हे कसं कळणार? आणि खर्च?

सायकलवेडी

रिमवर 'ट्यूबलेस रेडी' लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. स्पोकच्या भोकांवरून हवाबंद पट्टी चिकटवायची, व्हॉल्व्ह बसवायचा, टायरही ट्यूबलेस रेडीच घ्यायचा. मग आत लॅटेक्सचं सीलंट : २९ इंची २.३ ला ८० ते १०० मिली टाका, डब्यावर कमी लिहिलेलं असलं तरी. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं. दोन-अडीच महिन्यांनी व्हॉल्व्हची सुई काढून बारीक काडी आत घालून बघायची, ओली आली तर ठीक. टायर हलवून आत खुळखुळ ऐकू आली तरी चालतं.

रिम साधी असेल तर जुगाड करणारे करतात, पण कमी हवेवर वळणात टायर रिमच्या ओठावरून सुटू शकतो. उतारावर ते नको. मग ट्यूबमध्येच सीलंट भरून घ्या. व्हॉल्व्हची सुई निघणारी ट्यूब मात्र घ्यावी लागते. सराटे झेपतात, बाभळीचा आरपार गेला तर नाही.

पहिल्यांदा टायर रिमवर बसवायला हवेचा एकदम जोराचा झोत लागतो. हातपंपाने जीव जातो. दुकानातच बसवून घ्या. आणि ट्यूबलेस झालं म्हणून पिशवीतली जादा ट्यूब काढायची नाही. ती आत घालायच्या आधी टायरच्या आतून बोट नको, कापड फिरवा. सीलंटने बुजवलेले सगळे काटे तिथेच टोकं वर करून बसलेले असतात.

अनवट

सराट्याचा आणखी एक मासला. अमेरिकेतल्या कोरड्या भागातले सायकलवाले ज्या काट्याला शिव्या घालतात ते रोपटं आपलाच सराटा आहे, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. तो मूळचा तिकडचा नाही, बाहेरून गेलेला. आणि आपली वेडी बाभूळ तिकडच्या खंडातून इकडे आली.

पंपवाला

ट्यूबलेस झालं की हवा आणखी उतरवा. ७८ किलोला २.३ वर पुढे २२-२३, मागे २५-२६ पासून सुरू करा. मागची रिम दगडावर ठक्कन आपटली तर दोन वाढवा. वळणात टायर लोळल्यासारखा वाटला तरी दोन वाढवा. काहीच झालं नाही तर एक कमी करून बघा. डांबर जास्त असेल त्या दिवशी निघताना चार-पाच जास्त भरायची आणि माती लागली की सोडायची. तेवढ्याने परतीच्या डांबरावर मरण येत नाही, आणि आलं तर मिनी पंप आहेच.

मुरूमवाट

मोजमाप झालं. रिमवर ६२२ × २१, शेजारी ट्यूबलेस रेडी. मागच्या चिमट्यात आतलं अंतर ६८ मिमी. सध्याचा टायर ५२ भरतो. पुढे फोर्कमध्ये भरपूर जागा आहे, ७५ च्या वर. डेरेलर पुढे नाहीच, एकच चकती आहे. आणि पंपवाले, रविवारी ३० आणि ३३ ठेवून गेलो होतो. जुन्याच गुळगुळीत टायरवर चढाला फरक कळला. उतारावर वळताना पुढचं अजून सरकतं, पण आधी सांगून सरकतं.

६८ मध्ये २.३५ मागे जाईल का? ६० मिमी होतो ना तो.

घसारा

मागे नको. ६८ मधून ६० गेले की दोन्ही बाजूंना चार-चार उरतात. कोरड्यात चालेल, पहिल्या पावसात चिखल अडकून नळी घासेल. २.२५ म्हणजे लिहायला ५७, पण छापलेली रुंदी कंपनीने धरलेल्या रिमवरची असते. रिम पाच मिमी अरुंद असली की टायर साधारण दोन मिमी कमी फुगतो. तुमच्या २१ च्या रिमवर तो ५५ च्या आसपास भरेल. म्हणजे साडेसहा-साडेसहा मोकळे. नेमका बसला.

पुढे २.३ च टाका. फोर्कमध्ये जागा कितीही असली तरी रिम २१ च आहे, २.६ ची हौस तिथेच संपली. फोर्कची सगळी हवा सोडून सायकल पूर्ण दाबून बघा, टायर वरच्या कमानीला टेकता कामा नये.

घेताना फोल्डिंग टायर घ्या, तारेच्या कडेचा नको. तारेचा स्वस्त असतो, पण त्याच नावाचा टायर शंभर-दीडशे ग्रॅम जड असतो, ट्यूबलेसला तर बहुतेक चालतच नाही, आणि चाकाच्या बाहेरच्या घेरावरचं वजन दर वेगवाढीला जाणवतं. दुकानात एकाच नावाचे तीन-चार प्रकार ठेवलेले असतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. मिनियनच्या कडेवर २.३, मॅक्सटेरा, ट्यूबलेस रेडी हे तिन्ही वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. बाण बघून बसवा, फिरण्याची दिशा त्यावर असते.

सायकलवेडी

मागच्याच्या कडेची भिंत पण बघा. पातळ कडेचा टायर हलका असतो, पण मुळशीकडच्या बसाल्टच्या कपच्या कातळसडांच्या जांभ्यापेक्षा कमी धारदार नाहीत. मागे शंभर ग्रॅम जास्त गेले तरी चालेल.

मुरूमवाट

ठरलं. पुढे डीएचएफ २.३ मॅक्सटेरा, मागे आर्डेंट २.२५ जाड कडेचा, दोन्ही ट्यूबलेस. सीलंट आणि व्हॉल्व्ह धरून बजेटच्या थोडं वर जातंय, पण २.६ घेऊन परत करायची वेळ आली असती त्यापेक्षा बरं. सगळ्यांचे आभार.

एक शंका : मीटरचं सेटिंग बदलावं लागेल?

पंपवाला

मीटर कुठल्या चाकावर आहे त्यावर. पुढच्यावर असेल तर हो. २९ × २.१ चा घेर कोष्टकात २२८८ मिमी असतो, २.३ चा २३२६. म्हणजे पावणेदोन टक्क्यांचा फरक. बदलला नाही तर मीटर तुम्हाला शंभर किलोमीटरमागे दीड-पावणेदोन किलोमीटर कमी दाखवेल. कोष्टकापेक्षा अचूक हवं तर व्हॉल्व्ह खाली ठेवून खडूने खूण करा, सीटवर बसून एक पूर्ण फेरा पुढे जा, पुन्हा खूण, टेपने मोजा. बसूनच, कारण वजनाने टायर दबतो.

पंपाच्या काट्यावर २२ आणि २६ मधला फरक नीट दिसत नाही, तो १६० पर्यंतचा असतो. शेवटच्या मोजणीला कमी दाबाचं वेगळं गेज घ्या.

दोनचाकी

माझी जुनी २६ इंची आहे. तिला हाच सल्ला लागू का? आमच्या इथला दुकानदार म्हणतो २६ चा टायर कुठलाही बसतो.

घसारा

पुढे रुंद-मऊ, मागे पळणारा, हे सगळं लागू. दुकानदाराचं नाही. २६ × २.१ असं दशांशात लिहिलेलं माप एमटीबीचं, व्यास ५५९. आणि २६ × १ ३/८ असं अपूर्णांकात लिहिलेलं साध्या सायकलीचं, त्याचा व्यास ५९०. एकतीस मिलिमीटरचा फरक आहे, कितीही ओढलं तरी एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. २६ इंचीचे चांगले फोल्डिंग टायर आता कमी येतात, तेव्हा मिळाला की जोडीने घेऊन ठेवा. फक्त कडेवर ५५९ छापलंय का बघा.